जोडीचं इंजिन

मेढ्याच्या गॅरेजात निळ्या पिंपात गळ्याइतकं पाणी,
पिंपाच्या काठाला एकेक इंजिन लटकवून
इसाकभाई फिरवून दाखवतो.
पाणी उकळी फुटल्यासारखं उसळतं,
जात कुठंच नाही.

तो त्याला स्टेपनी म्हणतो.
हौसाला तो शब्द आवडत नाही.
जोडीचं म्हणा, ती म्हणते.

मोठं आहेच बोटीला, पंचवीस घोड्यांचं.
पण घोडे ते घोडे.
गेल्या माघात बामणोली सोडली,
तापोळा दिसायच्या आत, ऐन मध्यावर
एकाच वेळी गप्प झाले पंचवीसच्या पंचवीस.
बोटीत एक मास्तर, दोन शेळ्या, गॅसची टाकी,
आकल्प्याची नवरी आणि तिचा खोक्यातला फ्रीज.
वल्हं एकच होतं.
दुसऱ्या अंगानं मास्तरांनी रुखवतातली परात मारली.
अंधार पडला तेव्हा नवरी हसत होती.
शेळ्या नव्हत्या हसत.

हे अडीचचं, इसाकभाई म्हणतो. तेरा किलो.
हवेवर थंड होतं, बोंबलतं फार.
हे चारचं, फोर स्ट्रोक. सव्वीस किलो.
बुजऱ्या पाहुण्यासारखं बोलतं, पेट्रोलही तसंच पितं.
आणि हे पाचचं, जुनं, हर्णैहून आलंय,
खाऱ्या पाण्यातलं. रंग गेलाय, खुमखुमी नाही.

सुयश फोनवरून म्हणतो, पाचचंच घ्या.
पोरांना आकडा लागतो.

मी दांडा बघतो.
आखूड असला तर वाऱ्याच्या लाटेवर
पंखा पाणी सोडून नुसता हवेत घरघरतो.
लांब असला तर मे महिन्यात
गावाला लागतो.

गाव म्हणजे खालचं. आमचंच.
वडील बोट न थांबवता हात करायचे,
इथं भैरोबाची पायरी, इथं धनावड्यांचं खळं.
मला दिसायचं ते सपाट पाणी.
तरी अजून तिथं आलो की
बोट आपसूक डावीकडं वळते.
एकदा पायरीला लागून पिन तुटली, पंखा वाचला.
देवाला नारळ फोडला,
तेव्हापासून खिशात चार पिना असतात,
विडीच्या बंडलाशेजारी.

मग दोरी.
लहान इंजिनाला चावी नसते.
अडीचची ओढली, तिसऱ्या हिसक्याला लागलं.
चारची ओढली,
खांद्यातून कळ निघाली ती कोपरापर्यंत.
पुन्हा ओढली.
इसाकभाई उगाच
पुसलेला पाना पुसत राहिला.

अडीचचंच बरं, मी म्हणालो. हलकं आहे.
भरल्या बोटीला वाऱ्यात ते पुरायचं नाही,
हे मला माहीत होतं, त्यालाही.

हौसा दारात, बाजाराची पिशवी घेऊन,
बामणोली गाडीला अजून तास होता.
सरका जरा, म्हणाली.
पदर खोचला, पिंपाला पाय लावला,
अडेल म्हशीचं दावं ओढावं तशी
एकच ओढ.
चारचं बोलायला लागलं.
पिंपातलं पाणी तिच्या पायावर आलं, नव्या चपलेवर.
बंद कसं करायचं ते तिनं विचारलं नाही,
लाल बटण तिनं मघाशीच बघून ठेवलेलं.

भाव तिनंच केला.
आठशे कमी, वर एक प्लग आणि पिनांची पुडी.

एसटीत मागच्या सीटवर आडवं ठेवलं,
माझ्या रेनकोटात गुंडाळून.
कंडक्टरनं रेनकोट उचलून पाहिला,
म्हणाला, पाहुणे पोहतात वाटतं,
आणि अर्धं तिकीट फाडलं.

वापरायची वेळ अजून आली नाही.
पण बसून राहिलं की रुसतं, म्हणून
दर सोमवारी ती काठाशी बांधलेल्या बोटीत बसते,
पाच मिनिटं ते चालू ठेवते.
मी गुडघाभर पाण्यात, दोर धरून.
बोट ओढ घेते शिवसागराकडं.
सोडा की, ती म्हणते.
थांब, मी म्हणतो, थांब जरा.