चौऱ्याण्णव

हॅलिफॅक्सच्या चढावर, रेल्वेपुलाखालच्या गॅरेजात
कीरन गुडघ्यावर बसला आणि टायरच्या कुशीवरची
चिखलाने बुजलेली अक्षरं अंगठ्याने पुसू लागला.
शिलालेख वाचावा तसं वाचलं: दोनशे पाच, पंचावन्न, सोळा.
इथवर ठीक. मग थांबला.
एक्क्याण्णव.

"काय वाहता या गाडीतून?"

शिलाई मशीनं, मी म्हटलं. जुनी, बिडाची,
एकेक चौदा किलोचं धूड. कधी सहा, कधी नऊ,
वर हत्यारांची पेटी, तेलाचा डबा,
आणि सोवर्बी ब्रिजच्या शाळेतली ती दोन, पायट्यासकट.

त्याने दार उघडून खांबावरचं स्टिकर दाखवलं.
तीन वर्षं रोज त्याला खेटून मी आत बसत होतो.
चौऱ्याण्णव हवेत.
एक्क्याण्णव म्हणजे सहाशे पंधरा किलो,
चौऱ्याण्णव म्हणजे सहाशे सत्तर.
पंचावन्नचा फरक. मी माझ्या मापात मोजलं:
दर चाकामागे चार मशीनं, जवळपास.

गाडी नॉर्मनची. टायरही त्यानेच टाकलेले,
कुठल्याशा सेलमध्ये, नऊ पौंड वाचवून.
ते नऊ पौंड त्याने मला चार वेळा सांगितले होते.

"खांदे गेलेत बघा," कीरन म्हणाला.
टायरच्या कडांना शोल्डर म्हणतात,
मला ठाऊक नव्हतं.
मधली नक्षी शाबूत, कडा गुळगुळीत.
फुटले नाहीत. कुरकुरलेही नाहीत.

नॉर्मनला खांदा द्यायच्या दिवशी
काळ्या कोटातल्या बाईने प्रत्येकाची उंची विचारली,
नजरेनेच जोड्या लावल्या:
पुढचे दोघे सारखे, मागचे दोघे सारखे.
मी पाच फूट चार. माझ्या जोडीला कोणी मिळेना.
शेवटी त्याची बहीण डोरीन आली, उंच टाचांचे बूट
गवतात काढून ठेवून.
"मला वाटलं होतं जड असेल," ती कुजबुजली.

एका आसावर दोन्ही एकसारखेच हवेत, कीरन सांगत होता,
आणि हवा, भरल्या गाडीची वेगळी, रिकाम्या गाडीची वेगळी.
मी मान डोलावत होतो.
त्याने महागातले दाखवले, मग स्वस्तातले.
चौऱ्याण्णव दोन्हींवर होतं, मी वाकून पाहिलं,
अंगठा फिरवून पाहिला.
स्वस्तातले घेतले.

चौघांत मिळून अकरा पौंड वाचले.
सांगायला आता कोणी नाही,
म्हणून इथे लिहून ठेवतोय.