दुसरा पंख

कोंबडी धरायचं काम माझं.
नऊ वर्षांचा होतो, आणि चिलोए बेटाच्या त्या टोकाला
माझ्याइतके रिकामे हात कुणाचेच नव्हते.

ओर्फेलिना म्हणाली, पोटाशी धर, डोक्यावर स्वेटर टाक,
अंधार झाला की तिला वाटेल रात्र झाली.
मग तिने उजवा पंख ओढून उलगडला:
बाहेरची दहा पिसं, लांब, काळी, वर हिरवट झाक.
एकेक देठ उजेडाकडे धरून पाहिला.
निळसर दिसला तर आत रक्त आहे, हात लावायचा नाही.
पांढरा असेल तर नख कापल्यासारखं.

मेंढ्यांची कात्री होती ती, फार मोठी.
करकर आवाज आला, जाड पुठ्ठा कापावा तसा.
विउदा (काळी म्हणून विधवा, नावच ते)
घशातल्या घशात एकदा कुरकुरली
आणि गप्प बसली.

"एकच पंख कापायचा," ओर्फेलिना म्हणाली,
"उडायला गेली की कलंडते.
दोन-तीनदा कलंडली की नाद सोडते."

मी मान डोलावली.
माझ्या डाव्या तळव्याखाली दुसरा पंख मिटलेला होता
आणि मिटलेल्या पंखात काय कापलंय ते दिसत नाही,
वरची पिसं झाकून घेतात.
पण हाताला कळत होतं.

कारण आदल्याच दिवशी कुंपणापलीकडे
तिच्या भावासाठी, एलादिओसाठी,
हीच कोंबडी मी धरली होती.
त्याच्या लसणाच्या वाफ्यात सापडलेली, रंगेहाथ.
त्याने डावा पंख कापला, दाढी करायच्या निगुतीने,
तिला कुंपणावरून अलगद पलीकडे सोडलं
आणि चुलीतला एक बटाटा माझ्या खिशात कोंबला.
खिसा भाजत होता. "बोलायचं नाही," म्हणाला.

बोलायचं नाही, हे त्या घराला नवं नव्हतं.
बापाची जमीन वाटली तेव्हा सफरचंदाचं झाड
बरोबर रेषेवर आलं, आणि कागदात झाडाचा उल्लेखच नव्हता.
एकोणीस वर्षं झाली होती.
बाजाराला दोघं एकाच बोटीने जात,
ती पुढे, पाण्याचे शिंतोडे खात,
तो मागे इंजिनापाशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी विउदा
सरपणाच्या ढिगावरून कुंपणावर गेली,
मेढीवर क्षणभर बसली,
आणि दोन्हीकडून सारखीच तोकडी झालेली ती बया
धपाधप पंख मारत, जराही न कलता,
सरळ लसणात उतरली.

ओर्फेलिना अलीकडे. एलादिओ पलीकडे, हातात कुदळ.
मी झाडामागे, जमेल तेवढा बारीक होऊन.

"मी कापला होता," ती म्हणाली. कोंबडीला म्हणाली म्हणा.
वारा होता, भरती चढत होती,
ऐकू आलं नाही असं त्याला म्हणता आलं असतं.

"कुठला?"

"उजवा."

त्याने कुदळ भिंतीला टेकवली,
विउदाला उचललं, डावा पंख उलगडला
आणि कुंपणावरून तिच्यापुढे धरला.
दोघांनी तो बराच वेळ पाहिला.
मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

समेट झाला वगैरे मी सांगणार नाही.
त्या साली सफरचंदं नेहमीसारखीच रेषेवर पडून कुजली,
डुकरांनी खाल्ली. बोटीतल्या जागा त्याच राहिल्या.

पण पुढच्या शरदात विउदाची पिसं झडली,
कापलेले खुंट दोन्ही अंगणांत सापडू लागले
आणि आतून नवी पिसं निघाली, देठात निळसर रक्त घेऊन.
ती पांढरी होईपर्यंत ओर्फेलिना थांबली.
मग एका संध्याकाळी कुंपणाशी जाऊन,
कुणाचंही नाव न घेता,
मोठ्यांदा विचारलं:

"यंदा तू कापतोस, की मी?"