शेरा

गुरुवारी कंपनी बंद असायची.
ती सवय निवृत्तीनंतरही पोटात राहिली:
गुरुवार आला की पायगुडे साडेअकराला खाली उभा,
स्कूटर चालू ठेवून, हॉर्न न वाजवता.

नियम त्याचेच.
दार ढकलून आत जावं लागतं अशा ठिकाणी जायचं नाही.
दोन ताटं, वेगवेगळी, अर्ध्यावर अदलाबदल.
मालकाशी ओळख काढायची नाही,
ओळखीने आमटी घट्ट होते
आणि नोंद खोटी पडते.

एकतीस वर्षं आम्ही बेअरिंगं मोजली,
केसाच्या दहाव्या भागाने चुकलं की बाजूला.
तोच हात, तशीच डायरी, रकाने बदलले:
रस्सा. भाकरी. कांदा आत्ताचा की सकाळचा.
पाणी न मागता आलं का.
बिल. आणि शेवटी लाल पेनने, वसूल किंवा नाही.

नाना पेठेत गाळाभर जागेत सहा बाकं,
मटकी बोटचेपी, तर्री नुसती रंगाला,
नव्वद रुपये. साडेचार.
वारज्याला पुलाजवळ पिठलं-भाकरी, ठेचा खलातून थेट पानात,
साठ रुपये, वर पिठलं न विचारता पुन्हा.
आठ. मी आठच्या वर जात नाही.
पायगुडे म्हणाला, दे की रे खिरे, नऊ दे,
बाईने तुझ्यासाठी विझवलेली चूल परत पेटवली.
मी म्हटलं, चुलीला रकाना नाही.

धनकवडीत एकाने थाळीला ‘घरगुती’ लावून दोनशे वीस घेतले.
भाजीत साखर.
साखर आमच्या घरीही घालतात,
पण तिचे पैसे कुणी मागत नाही.

मग हडपसर, गाडीतळाच्या मागे, फेब्रुवारीत.
खानावळ नवी, पाटीचा रंग ओला.
मालक विशीतलं पोरगं, स्वतःच वाढणारं,
वाढून झालं तरी तिथंच घुटमळणारं.
मी चष्मा पुसत होतो. पायगुडेने आधी सुरुवात केली,
अर्धी वाटी संपवली, म्हणाला, सात. साडेसात धर.
मग मी घास घेतला.
मीठ दोनदा पडलं होतं. जीभ आखडावी इतकं.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि हळूच म्हणाला, चार?

किती दिवस झाले, मी विचारलं.
तो ताप आला होता ना, तेव्हापासून.
गरम कळतं. तिखट डोळ्यांना कळतं. बाकी पुठ्ठा.
मग दोन वर्षं मार्क कशाचे देत होतास?
तुझ्या भुवयांचे, म्हणाला.
त्यात अर्धा माझा मिळवायचो.
अर्धा कशाचा?
त्याने पोराकडे पाहिलं. काही बोलला नाही.

काका, कसं झालंय?
नियमाप्रमाणे सांगायचं नसतं.
मी सांगितलं. पोराने पळीतलं बोटावर घेतलं,
कानापर्यंत लाल झालं, वाट्या उचलून नेल्या,
दही आणून ठेवलं, आणि बिलातून रस्सा खोडला.
आम्ही खोडलेले पैसेही ठेवले.
ते वसूल की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डायरीत मी लिहिलं: रस्सा तीन.
मग चमच्याच्या दांड्याने आखून एक रकाना वाढवला,
डोक्यावर काहीच न लिहिता, आणि डायरी त्याच्याकडे सरकवली.
त्याने बराच वेळ घेतला,
माल पास करताना घ्यायचा तेवढा.
मग आकडा टाकला, आणि मला न दाखवता डायरी मिटली.

परतताना मगरपट्ट्याच्या सिग्नलला मान मागे वळवून म्हणाला,
वारज्याच्या त्या पिठल्याला तू आठ दिले होतेस.
कसं होतं रे ते?

मी तोंड उघडलं.
लसूण म्हणालो. मग, खरपूस म्हणालो.
सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले,
तो तसाच थांबलेला,
आणि आठ म्हणजे काय
हे मला सांगता येईना.