जुंबेरचा खर्ज

ओझुर्गेतीच्या वर, जुन्या चहामळ्यांपाशी,
नातेलाच्या स्वयंपाकघरात
ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी
पुतण्यानं फोन उभा केला रिकाम्या पेल्यात.
आवाज मोठा होतो म्हणे तसा.

गाणं चौऱ्याहत्तर सालचं.
याच टेबलाशी तिघं भाऊ,
आणि त्बिलिसीहून आलेला एक घामट माणूस,
सुटकेसएवढं टेपमशीन घेऊन.
कोणी खोकायचं नाही, असं ठरलेलं.
कोंबडीला कुणी सांगितलं नव्हतं.

कोंबडी अजून आहे.
ओतियाचा वरचा आवाज आहे, पत्र्यावर नख ओढावं तसा.
मधला गिवी आहे, कुठूनतरी पलीकडून.
"आणि जुंबेर?"
"आहे गं काकू. फोनचं तोंड लहान आहे."

जुंबेर लावायचा तेव्हा
वाडग्यातले अक्रोड एकमेकांना लागायचे.
खिडकीची एक काच सैल होती,
ती त्यानं जन्मभर बसवून घेतली नाही,
म्हणायचा, गाऊ दे तिलाही.

लाल अंड्यांची टरफलं बाजूला सारून
नातेलानं टेबलावर तळवा ठेवला.
लाकूड गप्प.

पुतण्या समजावतो :
मूळ फाइल जड होती, जाईचना.
दाबून दाबून तीन एमबीची केली,
मग एका दमात पोचली सलोनिकीला,
वॉर्सातल्या बांधकामावर, ब्रुकलिनच्या बेकरीत.
सगळ्यांनी हृदयं पाठवली.

"बरोबर आहे," नातेला म्हणते,
"एकशेचार किलोचा माणूस.
होडी हलकी करायची
तर आधी त्यालाच उतरवणार."

आणि ते दोघं
अजून त्याच्याच भरवशावर गातायत.
भिंत काढून नेलेल्या घरात
सवयीनं खुंटीला कोट अडकवावा,
आणि कोट पडू नये, तसे.

गाणं संपलं. फोननं न विचारता
पुढचं काहीतरी लावलं,
पुतण्यानं ते बोटानं पुसलं.

मग कोपऱ्यातला फ्रिज,
पुतण्याहून म्हातारा,
एकदा अंग झटकून
त्याच्या त्या लांब घुमण्याला लागला.

काठीवर हनुवटी टेकून पेंगणारा ओतिया,
वय शहाऐंशी,
डोळे न उघडता
वरचा सूर धरून बसला.

नातेलानं मान कलती केली.
"थोडा उतरलाय," म्हणाली.
"पण तू म्हण."

वाडग्याकडे
मुद्दाम कोणी पाहिलं नाही.