खाचा

साहेब म्हणाले, चेंडू थांबत नाही,
ग्रीनवर पडतो नि पुढंच सरकतो.
मी नऊ नंबरची आयर्न उलटी धरली:
खाचांत होटगीकडची काळी माती,
वाळून चिवट, मध्ये गवताची काडी.

कारखाना बंद पडायच्या आधी
मागावरची फणी मीच साफ करायचो.
एका घरात सुताची कीस अडकली
तरी चादरीवरचा मोर लंगडायचा.

"राजय्या, नवीन सेट मागवू का?"

खिशातला जुना टूथब्रश,
बाटलीतलं तापलेलं पाणी. एकेक खाच.
लोखंडाची पकड, साहेब,
या एवढ्याशा पोकळीत असते.

पुढचा चेंडू पडला,
थबकला,
वीतभर मागं आला.
साहेब काठीकडं बघत राहिले.
मी नखातली माती काढत होतो.