राखाडी चेंडू

तिवईवर टेबल टेनिसचा चेंडू, राखाडी रंगवलेला,
पोटात तापमापक.
ऊन, वारा, फरशीची धग, सगळं मुकाट गिळतो
आणि मिनिटागणिक एक आकडा देतो.
शेजारी मी. हातात फळी, फळीला कागद,
कागदावर एकच खरा प्रश्न:
आत्ता, या क्षणी, तुम्हाला कसं वाटतंय?
खाली सात चौकटी, फार थंड ते फार गरम,
मधोमध एक: ना थंड, ना गरम.

याकुत्स्क, मार्च. उणे चोवीस.
बाजारात मासे खोक्यांतून उभे,
सरपणासारखे कडक, तोंडं आभाळाकडे.
त्यांच्यामागे तुयारा. दोन शालींतून नुसते डोळे.
माझ्या पेनातली शाई थिजली
तेव्हा तिनंच हातमोज्यातून पेन्सिल काढून दिली.
"आज नरम आहे," म्हणाली,
"जानेवारीत आपलाच श्वास सांडताना ऐकू येतो.
ऐक. आज येतोय का?"
आणि खूण केली: किंचित गरम.
मी चेंडूकडे पाहिलं. त्याला बर्फाची पांढरी लव फुटलेली.
पुढचा प्रश्न: आणखी ऊब हवी का?
ती हसली, शाल हलली.
"ऊब आली की माझे मासे आडवे होतात."

माझ्या भाषेत उकाडा वेगळा, तलखी वेगळी,
झळ लागते, काहिली होते,
हिव भरतं, गारठा हाडांत उतरतो.
कागदावर मात्र सातच खण,
आणि माणसं त्यांत पाय दुमडून बसतात.

एर्मोसिलो, जून. सावलीत त्रेचाळीस.
चौकात एलेउतेरिओ बुटांना पॉलिश करतो.
त्याची खुर्ची झाडाच्या सावलीमागून सरकते;
ती कुठे आहे त्यावरून लोक म्हणतात, अकरा वाजले, जेवायची वेळ झाली.
त्यानं कागद न वाचताच परत दिला.
"गरम, असं लिहायचं?
नदीत उभं राहून लिहितोस का, पाणी ओलं आहे?"
मग खुर्ची वीतभर सरकवली, आणि मला म्हणाला,
"तूही सरक."

आणि त्याच दुपारी, इस्पितळासमोर,
जिथे झाड नाही, छप्पर नाही,
बाकावर ओब्दुलिया. अंगात लोकरी स्वेटर.
चेंडू म्हणत होता चोपन्न.
तिनं मधली चौकट भरली, नीट, रेघेबाहेर न जाता.
बदल हवा? नको.
याआधी कुठे होता?
तिनं हनुवटीनं तिसरा मजला दाखवला.
"वर यंत्र आमच्या माणसाचं रक्त धुतं. चार तास.
रक्त बाहेर हिंडून येतं ना, त्याचा हात गार पडतो.
मी तो धरून बसते.
गारवा माझ्यात इथवर चढला," तिनं कोपर दाखवलं,
"की खाली येते. ऊन भरून घेते. वर नेते."

हिवाळ्यात आकडे जमवले तेव्हा
दोनशे सतरावी ओळ तांबडी झाली.
चोपन्न अंश, स्वेटर, ना थंड ना गरम:
बाईंना प्रश्न कळला नसावा, असा शेरा आला.
मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
तक्त्यात 'वर नेते' साठी रकाना नव्हता.
ओळ गेली. आलेख छान, गुळगुळीत आला.

पण त्या दुपारी ती उठली तेव्हा
दोन्ही तळहात तिनं स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले,
कुणी गरम भाकरी फडक्यात गुंडाळावी तसे.
काचेचं दार सरकलं.
आतल्या थंडीचा एक लोट रस्ता ओलांडून आला,
आणि चेंडूनं तेवढं टिपलं:
तीन दशांश खाली.
मग दार मिटलं.