पान एकशे बारा

नारायण पेठेत, जिन्याखालच्या सात बाय नऊमध्ये
एकतीस वर्षं मी पीएच.डी. करतोय.
म्हणजे दुसऱ्यांची. शिवतो, सरस लावतो,
पाठीला हातोडीनं गोलाई देतो,
काळ्या रेक्झिनवर सोनेरी नाव उठवतो.
पाच प्रती, शनिवारच्या आत. नेहमी शनिवारच्याच आत.
वाचतो फक्त पाठ. आत काय असतं, माहीत नाही.
आतलं विचारणारं गिऱ्हाईकही कधी आलं नाही.

मतं मात्र भरपूर येतात.
दुकानाबाहेर बाक आहे,
आणि बाक असला की पुण्यात त्यावर मत बसतंच.

गद्रे येतात, बँकेतून निवृत्त,
सोसायटीच्या पावत्या बांधून घ्यायला.
ढिगातलं वरचं पान उचलतात, चष्मा कपाळावर:
"सार्वजनिक नळ आणि पेठांमधील पाणीवाटप.
नळ! अहो, नळावर डॉक्टरेट?
आमच्या वेळी नळावर भांडणं व्हायची, ती फुकट.
आता आमच्या करातून शिष्यवृत्ती घेऊन होतात."
मी हसलो.
खोटं कशाला बोलू, मनापासून हसलो.

माझाही मुलगा शिकला. इंजिनियर.
वाघोलीत फ्लॅट विकतो. दुसऱ्यांचे.
त्याच्या चार वर्षांच्या फीमध्ये
विजेवरचं कटिंग मशीन आलं असतं.
हे त्याला कधी बोललो नाही.
हातानं दाबायच्या जुन्या मशीनला रोज बोलतो.

रात्री पानं जुळवायला बसलो तर
एकशे अकरानंतर थेट एकशे तेरा. पाचही प्रतींत.
फोन केला.
"येतो काका, दोन ऑर्डरी राहिल्यात."

साडेदहाला आला. शुद्धोधन वाकळे, तालुका मंठा.
पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पिशवी,
तिच्यात, रश्श्याच्या वासात, पाच कागद.
"फेलोशिप आठ महिने अडकलीय,"
एवढंच म्हणाला, तेही तांब्या तोंडाला लावता लावता.

पानावर एकच तक्ता.
वस्ती, नळ, तोट्या किती, पाणी किती वेळ.
का कोण जाणे, मी विचारलं, हे कुठं मिळालं?

"मिळतच नव्हतं. चार महिने गेले.
वह्या होत्या त्या रद्दीत गेलेल्या.
मग म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरलो.
मिनिटं कुणाला सांगता येईनात. घड्याळ कुणाकडं होतं?
शेवटी एक आजी म्हणाल्या,
दोन कळशा भरायच्या, तिसरी कायम अर्धी राहायची.
त्या अर्ध्या कळशीवरून मिनिटं काढली."

चार महिने. एक पान.
मला ते शिवायला दोन टाके लागणार होते.

दिव्याखाली धरलं.
वरच्या आळीसमोर आकडा होता एकशे चाळीस.
नदीकडच्या वस्तीसमोर अकरा.
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, टीप:
कळशीवरून केलेला अंदाज. चूक संभवते.

चूक संभवते.
एकतीस वर्षांत माझ्या बाकावर
हे दोन शब्द कुणी बोललेलं मला आठवत नाही.
मीही नाही.

तो गेला. सायकलचा दिवा कोपऱ्यावर वळला.
मी पान जागेवर घातलं, दोरा ओढला,
आणि मग, गिऱ्हाइकाचा माल असूनही,
एकशे तेरा वाचलं. एकशे चौदाही.
पुढं झोप आली, तेही सांगायला हवं.

सकाळी गद्रे पावत्या न्यायला हजर.
पाच काळ्या पाठी वजनाखाली वाळत होत्या.
"मिळणार काय हो याला, एवढं करून?"

माझे पंधराशे अजून त्याच्याकडून यायचेत,
ते मी काढलं नाही.
म्हटलं, माहीत नाही.

आणि गद्रे, जरा सरकून बसा.
सरस ओला आहे.